आठ मिनिटे

मित्रांनो, मी कोरियातल्या मोकपो बंदरातला एक जुना बिनतारी संच आहे. माझ्या तारा केव्हाच तोडल्या आहेत. एका बुडालेल्या बोटीतून मला वर काढले, तेव्हापासून माझ्या जाळीत मीठ आहे. कितीही पुसले तरी ते पुन्हा फुटते.

प्यो सरांनी मला मासेमारीच्या जाळ्यांच्या गोदामावरच्या खोलीत आणले. तिथे ते खलाशांना इंग्रजी बोलायला शिकवत. पाठांतर त्यांना मान्य नव्हते. एकाने पडद्यामागे किनाऱ्यावरचे ठाणे व्हायचे, दुसऱ्याने माझे हातात धरायचे बटण दाबून मदत मागायची: बोटीचे नाव, ठिकाण, माणसे किती, झाले काय. ठाण्याने ऐकलेल्या जागेवर नकाशात खूण करायची. खूण चुकली की बोट बुडाली. सगळे हसत. मला हसू येत नसे.

एकदा बांग कप्तान आपल्या माणसांना घेऊन आले. साठीचा माणूस. त्यांनी बटण दाबले आणि शब्द सापडेनात. शेजारी त्यांची दुय्यम अधिकारी मिरान उभी होती. तिला सगळे येत होते. ती जमिनीकडे बघत राहिली.

"मिरान, बोट बुडतेय. कुणाची वाट बघतेस?" सरांनी विचारले.

"कप्तानसाहेब बोलताहेत ना, सर."

"कुठे बोलताहेत?"

कप्तान ओशाळून हसले. "राहू द्या, सर. आमच्यात थोरल्याच्या आधी कुणी चमचासुद्धा उचलत नाही."

"मग ते जेवताना पाळा. इथे नको."

पुढच्या आठवड्यापासून कप्तान आले नाहीत. ते येत नसताना मिरानने येणे बरे दिसले नसते.

मार्चमध्ये परक्या समुद्रात, दाट धुक्यात, त्यांच्या बोटीला एका मालवाहू जहाजाची धडक बसली. बोटीवर अकरा जण होते. दहा परतले.

एका दुपारी मिरान खोलीत आली. "बटण कप्तानसाहेबांच्या हातात होतं," ती सरांना म्हणाली. "ते शब्द शोधत होते. आठ मिनिटं. मग मी हिसकावून घेतलं. मदतीची बोट आली, आम्हाला काढलं. कप्तानसाहेब शेवटी उतरणार होते. तेवढ्यात आमची बोट बुडाली."

दारात कप्तानांची मुलगी सेयॉन उभी होती. वडिलांची इथे राहिलेली वही न्यायला आली होती; इथला खेळ तिने वडिलांकडून ऐकला होता. तिने सगळे ऐकले होते. मग तिने माझे बटण मिरानच्या हातात दिले आणि पडद्यामागे जाऊन बसली.

"मी ठाणं. बोला."

"तुझ्या बाबांच्या आधी मी कशी..."

"ताई, चमचा उचला."

मिरानने बटण दाबले. पडद्यामागे पेन्सिल कागदावर टेकल्याचा आवाज आला.

मित्रांनो, मला पुसले नाही तरी चालेल. पण बटण तुमच्या हाताशी असेल आणि शेजारचा थोर माणूस गप्प असेल, तर त्याचा मान राखण्यासाठी तुम्ही गप्प राहू नका. माझ्या जाळीत आज पुन्हा मीठ फुटले आहे.