एका सूटमधले दोन साडू

ट्रॅकवर धाकटा साडू मोटरसायकलवरून समोरून सुसाट गेला आणि भिंतीशी उभ्या असलेल्या थोरल्यानं, सीटकव्हरवाल्यानं, घड्याळाचं बटण मुद्दाम जरा उशिरा दाबलं. कुणी पाहिलं नाही. तरीही साडूची वेळ त्याच्या स्वतःच्या वेळेपेक्षा चांगलीच निघाली, तेव्हा त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. लबाडी करूनही पदरात काही पडलं नव्हतं.

मुळात हे खूळ त्याचं. मोटारींच्या सीटची कव्हरं शिवता शिवता एका गिऱ्हाइकाच्या गाडीत त्याला रेसचं एक जुनं मासिक सापडलं, आणि तेव्हापासून खऱ्या ट्रॅकवर मोटरसायकल पळवायची हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. एकट्याच्या खिशाला ते झेपेना. शेवटी बायकोनंच तोडगा काढला, की तिच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला भागीदार करून घ्यावं. हा साडू म्हणजे पाण्याचे मीटर वाचत स्कूटरवरून दारोदार फिरणारा, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस. कव्हरवाल्याला वाटलं, बरं झालं, खर्च निम्मा आणि मजा आपली.

मग दोघांत मिळून एक म्हातारी मोटरसायकल आली. आरसे काढून आणि दिव्यांवर चिकटपट्टी लावून तिला ट्रॅकसाठी सजवलं. टायर पैसेवाल्यांनी टाकून दिलेले. हेल्मेट एक, बुटांचा जोड एक आणि कातडी सूटही एकच. तो कुणीतरी पडून फाडलेला होता. कव्हरवाल्यानं तो दुकानातल्या मशीनवर उसवून पुन्हा शिवला आणि शिवताना पोटाशी स्वतःच्या मापाची जादा पट्टी घातली. धाकट्याला तो तिथं पार ढगळ व्हायचा. तो बापडा आत स्वेटर घालायचा आणि वर म्हणायचा, मस्त बसतोय.

एक सेशन याचं, एक त्याचं, असा करार होता. घामानं भिजलेला सूट एकाच्या अंगावरून उतरायचा आणि दुसऱ्याच्या अंगावर चढायचा. ज्याची पाळी नसेल त्यानं भिंतीशी घड्याळ घेऊन उभं राहायचं.

पहिल्या खेपेला धाकटा इतका हळू चालला होता की कव्हरवाल्यानं घरी आल्यावर त्याच्या नकला करून दाखवल्या होत्या. दोन्ही बहिणी पोट धरधरून हसल्या. दुसऱ्या खेपेनंतर त्या नकला बंद पडल्या. आणि परवा बायको फोनवर बहिणीला म्हणत होती की तुझ्या नवऱ्याचा हात बसला हो चांगला. ते ऐकल्यापासून कव्हरवाल्याला जेवण गोड लागत नव्हतं.

आता धाकटा ट्रॅकवरून गाडी घेऊन आत आला. कव्हरवाल्याची नजर आधी मागच्या टायरवर गेली. वळणावर गाडी जितकी झुकेल तितकी टायरची कड घासते. त्याची स्वतःची पाळी झाली की कडेला बोटभर रबर कोरं राहायचं, मनातून कितीही ठरवलं तरी. आता ते पार शेवटापर्यंत घासलं होतं. हे कसं जमवलंस, असं विचारायचं होतं. तोंडातून निघालं, "टायरची वाट लावलीस."

"चुकलं, दादा," धाकटा ओशाळून म्हणाला आणि सूट उतरवून पाणी आणायला गेला.

कव्हरवाला सूट चढवून हेल्मेट हातात घेतो न घेतो तोच ट्रॅकवर शिकवणारे सर आले. त्यांनी छातीवरचा नंबर पाहिला, टायर पाहिला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

"सात नंबर, मघाशी काय झकास चालवलीत. आता हळूवाल्यांत कशाला राहता? पुढचं सेशन वेगवान गटाबरोबर करा."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. कव्हरवाला म्हणाला, "प्रयत्न चालू असतो, सर."

पुढचं सगळं फार लवकर झालं. वेगवान गटातल्या गाड्या दोन्ही बाजूंनी त्याला ओलांडून गेल्या. मोठ्या वळणावर त्याच्या मनगटानं त्याला न विचारताच वेग सोडून दिला. दुसऱ्या फेऱ्यालाच तो हात वर करून आत आला.

सर वाटच पाहत होते. मघाचा माणूस गेला कुठं, असं त्यांनी विचारलं, आणि राहू द्या, सात नंबरनं शेवटचं सेशन पुन्हा हळू गटातच करावं, असं सांगितलं. शेवटची पाळी धाकट्याची होती. तो शेजारीच घड्याळ धरून उभा होता. त्यानं एकदा सरांकडे पाहिलं, एकदा दादाकडे, आणि त्याला सगळं कळलं.

"उन्हाचा त्रास झाला असेल, सर," तो म्हणाला. "दादा सकाळपासून जेवलेले नाहीत."

त्यानं चारचौघांत पाणउतारा केला असता तरी चाललं असतं. भांडता तरी आलं असतं. हा चांगुलपणा कव्हरवाल्याला सोसेना, आणि साडूचा त्याला कधी आला नव्हता इतका राग आला. गाडी पळवण्यातही हाच पुढे, आणि यातही हाच. त्यानं सूट अंगातून ओढून काढला.

"सर, मघाचा सात नंबर हा. मी नव्हे. आमच्यात सूट एकच आहे."

सरांनी आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं आणि मान हलवली. "मग यांना पाठवा वेगवान गटात."

धाकट्यानं सूट घातला. पोटाशी तो नेहमीसारखा लोंबत होता. कव्हरवाल्यानं हत्यारांच्या पेटीतून दाभण आणि जाड दोरा काढला, गुडघ्यांवर बसला आणि साडूच्या अंगावरच ती जादा पट्टी आत दुमडून टाके घालू लागला.

"दादा, मग तुम्हाला व्हायचा नाही तो."

"हलू नकोस. टोचेल."

त्यानं दोरा दातांनी तोडला. सूट आता धाकट्याला त्याच्याच मापाचा बसला होता.

कव्हरवाला घड्याळ घेऊन भिंतीशी जाऊन उभा राहिला. साडूचा हेवा काही कमी झाला नव्हता. धाकटा वळणातून जवळजवळ आडवा होऊन निघाला आणि सरळ रस्त्याला लागला. त्यानं रेषा ओलांडली, बरोबर त्याच क्षणी कव्हरवाल्यानं बटण दाबलं. मग ती वेळ त्यानं मोठ्यानं वाचली. जवळपास ऐकायला कुणीच नव्हतं.