मशेरी कुटली, भाकरही कुटली

मी सकुबाईच्या घरचा खल बोलतोय. खलबत्त्यातला खालचा, पोटात खळगा असलेला. वरून बदाबदा आपटतो तो बत्ता. त्याला आपटण्यातून फुरसत नसते, म्हणून ऐकायचं काम माझ्याकडे आलं. खर्डी स्टेशनावरून रिक्षानं आत आलात की आमचा पाडा लागतो. तिथं कौलारू घराच्या मागच्या पडवीत, चुलीशेजारी माझी जागा. दगड काय बोलणार, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. माणसं बोलतात त्यातलं निम्मं कुटून टाकण्याच्या लायकीचं असतं, हे मी रोज ऐकतोय.

मला घडवलं एका पाथरवटानं, आणि मांडलं म्हशाच्या जत्रेत, मुरबाडकडे. एका बाजूला घोंगड्या, दुसऱ्या बाजूला बैलांच्या घुंगुरमाळा, मधे मी. सकुबाई तेव्हा नवी नवरी होती. तिनं मला बत्त्यानं वाजवून पाहिलं, पोटात बोट फिरवलं आणि 'ह्योच' म्हणाली. तिच्या नवऱ्यानं, देवजीनं, मला खांद्यावर टाकून एस.टी.त चढवलं. कंडक्टर म्हणाला, दगडाचं अर्धं तिकीट पडेल. अख्खी गाडी हसली. सकुबाईसुद्धा हसली, पदर तोंडावर न घेता. तिचे दात फार सुरेख होते.

मग संसार सुरू झाला. लसूण, मिरची, तीळ, सुकी मच्छी, बाळंतिणीचं सुंठ-खोबरं, घरात जे जे बारीक व्हायचं ते माझ्या पोटात. आणि मशेरी. ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगतो. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि डबीत भरून ठेवायची. सकाळी एक चिमूट बोटावर घेऊन दाताला, हिरड्यांना चोळायची. नावाला दात घासायचे, पण दुपारीही लागते, भात लावून आल्यावरही लागते. आमच्याकडे बाई विनाकारण बसलेली कुणाला खपत नाही. पण मशेरी लावतेय म्हटलं की तिला कुणी उठवत नसे. माझ्याभोवती पाड्यावरच्या बाया बसायच्या, काळी बोटं तोंडात घालून सासवांच्या, जावांच्या गोष्टी निघायच्या. तेवढाच काय तो त्यांचा विसावा. म्हणून मी त्यांना नावं ठेवत नाही.

सकुबाईला दोन लेकरं झाली. मोठी राही, धाकटा किशोर. राहीला वरच्या पाड्यावर अनंताला दिली, हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. तिला दिवस गेले तेव्हा पाण्याचा घोटही तिच्या पोटात ठरेना. अशीच एकदा माझ्या शेजारी ओकून ओकून बसली होती. सकुबाईनं डबी उघडली.

"लाव गो जराशी. उलटी बसेल. माज्या आयनं मला हीच दिलेली."

राहीनं लावली. उलटी बसली. सवयही बसली. पोर झाली, तिचं नाव वैष्णवी ठेवलं.

पुढे देवजी गेला आणि त्यानंतर कधीतरी सकुबाईच्या जिभेच्या कडेला एक चट्टा आला. पांढरट. मग त्याचा फोड झाला, फोडाची जखम झाली. आता इथं आमच्या बाया एक चूक करतात, तीच तिनं केली. दुखतंय म्हणून ती त्या जखमेवरच मशेरी दाबू लागली. मशेरीनं जागा बधीर होते. दुखायचं थांबलं की तिला वाटायचं, बरं होतंय. पुन्हा दुखलं की पुन्हा मशेरी. मी तिच्यासाठी कुटत राहिलो. दगडाला हातपाय दिले नाहीत देवानं, नाहीतर त्या दिवसांत मी उठून विहिरीत उडी मारली असती.

तिला वाचवलं रंजितानं. ती आमच्या पाड्याची आशाताई, घरोघरच्या आरोग्याचं बघणारी. घरोघर फिरून ती तोंडं तपासत होती, हातात बॅटरी. सकुबाईनं आ केला आणि रंजिताचा चेहरा पडला. दुसऱ्याच दिवशी तिनं किशोरला रजा टाकायला लावली आणि दोघांना मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

तिथं तिची अर्धी जीभ गेली, जबड्याचा तुकडा गेला. गेलेल्या जिभेच्या जागी डॉक्टरांनी तिच्याच हाताचं कातडं बसवलं. हल्ली असं करता येतं म्हणे, कातडं त्याच्या रक्ताच्या नळीसकट उचलतात आणि तोंडात जोडतात, मग ते तिथं जगतं. पूर्वी अशा माणसाला गिळताही यायचं नाही. आणि ते कातडं नेमकं गोंदणाचं निघालं. मनगटाच्या वर तिनं लग्नात 'देवजी' गोंदवून घेतलं होतं. सकुबाईनं जन्मात नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. घरी आल्यावर पहिल्यांदा हसली ती यावरच. "उभ्या जन्मात त्यांचं नाव तोंडात आणलं नाय," ती राहीला म्हणाली, "डॉक्टरनी आणून बसवलं."

हे ती बोलली, पण कळलं फक्त राहीला. बाकीच्यांना सकुबाईचं बोलणं म्हणजे नुसतं ओलं गुरगुरणं वाटायचं. मला कळायचं, पण मला कोण विचारतो? जबडा एका बाजूला ओढलेला, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची, ती टिपायला खांद्यावर सदा फडकं. हळदीला गेली की शेजारची बाई थोडी सरकून बसायची. कुणीतरी तिला वेगळा पेला दिला. हा रोग लागत नाही, असं रंजिता घसा कोरडा करून सांगायची, लोक माना डोलवायचे आणि पेला वेगळाच ठेवायचे. मग सकुबाईनं जाणंच सोडलं.

जगायचं तर खायला हवं. राही रोज वरच्या पाड्यावरून यायची. तांदळाची भाकर माझ्यात चुरायची, दूध घालून इतकी मऊ कुटायची की गुठळी म्हणून राहायची नाही. भात, वरण, उकडलेला भोपळा, सगळं तसंच. वाटी आईच्या हातात देऊन समोर बसायची आणि शेवटचा घोट उतरेपर्यंत हलायची नाही. ज्या पोटात मी तंबाखू कुटली त्याच पोटात तिचं जेवण कुटलं जात होतं. सकुबाईनं आधी मला राखेनं, मग मिठानं, मग गरम पाण्यानं घासून घेतलं होतं. डबी तर तिनं कधीच ओढ्यात फेकली होती. अंगात थोडं बळ आलं तशी ती पुन्हा शेतावर जाऊ लागली.

रंजिता मग पाड्यावरच्या बायांना आमच्या ओटीवर जमवायची. सकुबाईनं मधे बसायचं, बोलायचं आणि राहीनं ते सगळ्यांना कळेल असं सांगायचं.

"ती म्हणते, तोंडात पांढरा, लाल डाग दिसला तर थांबू नका. ती म्हणते, डाग आहे तोवर काम सोपं असतं. आ करायला लाजू नका, म्हणते."

राही फार छान सांगायची. एकदोघींनी तिथंच डब्या टाकल्या. पण राहीनं स्वतः मशेरी सोडली नव्हती. सकुबाई तपासणीला मुंबईला गेली की त्या दिवशी ती पडवीत येऊन घाईघाईनं कुटायची आणि मला पाण्यानं धुवायची. धुतल्यानं वास जात नाही. तिलाही ते कळत होतं, म्हणून ती वर लसूण कुटायची.

एक दिवस तिनं आईला जेवण दिलं, आई शेतावर गेली, आणि तिनं स्वतःची भाकरही माझ्यात टाकली. दूध घातलं, कुटली आणि भिंतीकडे तोंड करून प्यायली. राहीला चावता येत नव्हतं. मला भीती वाटली. दगड गार असतो म्हणतात, मी त्या दिवशी खरंच गार पडलो.

सकुबाईच्या ते लक्षात यायला वेळ लागला नाही. लेकीनं मिरची सोडली, जांभई देताना तोंड अर्धंच उघडतं, हे आईला दिसणारच. तिनं चुलीपाशी राहीचा दंड धरला.

"आ कर."

"भातकापणी होऊ दे, आये. मंग जाऊ."

"आत्ता कर."

"झोडणी तरी होऊ दे. अनंता एकला काय काय करंल?"

"भात मरू दे. आ कर, राहे."

राहीनं हात झटकला. मग ती जे बोलली ते माझ्या पोटात अजून बसलंय. "मला नाय जायचं तिकडं. कापतील ते मला. तुज्यासारखं तोंड घिऊन मला नाय जगायचं, आये."

सकुबाईनं खांद्यावरचं फडकं ओठाला लावलं. रंजिता आली, तिनं समजावलं. नुसता चट्टा असेल तर छोटंसं काम असतं, चेहऱ्याला धक्काही लागत नाही, आईचं उशिरा कळलं म्हणून एवढं कापावं लागलं. किशोर आला, चिडला, रडला. सकुबाई रोज वरच्या पाड्यावर जाऊन लेकीच्या दारात बसायची. राही हो म्हणायची. कापणी झाली, झोडणी झाली, वैष्णवीची परीक्षा झाली. आणि जखम दुखेनाशी व्हावी म्हणून राही तिच्यावर मशेरी दाबत होती. आईनं दाबली होती तशीच.

शेवटी गळ्याला गाठ आली तेव्हा ती दवाखान्यात गेली. तोवर दुखणं कापण्यापलीकडे गेलं होतं. डॉक्टरांनी हात टेकले नाहीत. किरणं दिली, नव्यानं निघालेलं औषधही दिलं, माणसाच्या अंगातल्याच ताकदीला जागं करून रोगावर सोडणारं. काहींना ते खूप लागू पडतं. राहीला त्यानं एक पावसाळा दिला.

तो पावसाळा राही आईकडे, या पडवीतच राहिली. आता सकुबाई माझ्यापुढे बसायची आणि लेकीसाठी पेज करायची. भाताची शितं इतकी कुटायची की हात भरून यायचे, तरी गाळून घ्यायची. चमच्यानं पाजायची. राहीचं बोलणंही आता जड झालं होतं, तिचं कळायचं फक्त सकुबाईला. दोघी बोलत बसल्या की वैष्णवी दारातून नुसती बघायची.

एकदा राहीनं चमचा हातानं बाजूला केला.

"आये, तुला लय दुखलं असंल. तू कशी गो जगलीस?"

"तू यायचीस ना रोज," सकुबाई म्हणाली. "वाटी रिकामी होईपर्यंत उठायची नायस. मंग काय करनार?"

राही म्हणाली, "मला आदी इचारायला हवं होतं."

भात पोटरीत आलं आणि राही गेली.

परवा सकुबाईची मोठी तपासणी होती. ऑपरेशनला पाच वर्षं पुरी झाली. डॉक्टर म्हणाले, आजी, तुम्ही बऱ्या झालात, आता वर्षातून एकदा आलात तरी चालेल. किशोरनं वाटेत पेढे घेतले. तिला चावता येत नाही म्हणून पेढा माझ्यात टाकला, दूध घातलं आणि त्यानंच कुटला. पुरुषाचा हात, अर्धं दूध बाहेर सांडलं.

"तोंड गोड कर, आये. बरी झालीस तू."

सकुबाईनं वाटी मांडीवर घेतली. "माजं तोंड बघून भ्याली रे ती," ती म्हणाली.

किशोरला ते कळलं नाही. त्यानं वैष्णवीकडे पाहिलं. पोर चुलीपाशी उभी होती, ऐकून ऐकून तिला आता आजीचं बोलणं कळू लागलं होतं, पण मामाला सांगायला तिची जीभ वळेना. सकुबाई पेढ्याचं दूध प्यायली. सावकाश, सगळं. डॉक्टरांनी खायला सांगितलंय, ती खाते.

माझ्या कडेला आता टवका उडालाय. घरात मिक्सर आलाय, सकुबाईचं जेवणही उद्या त्यातच होईल आणि मला परसात कोंबड्यांना पाणी प्यायला ठेवतील. ठेवू देत. एवढं एक ऐकून घ्या माझं. मशेरी सोडा, तोंडात डाग दिसला तर शेतातलं पीक तसंच टाकून निघा, हे रंजिता सांगतेच. मी दुसरं सांगतो. तुमच्या गावात अशी वाकड्या तोंडाची, फडक्यानं लाळ टिपणारी एखादी बाई असेल. तिच्याकडे बघून घाबरू नका. ती मेलेली नाही, ती वाचलेली आहे. तिच्याजवळ बसा, तिच्याच पेल्यातून पाणी प्या, आणि तू कशी जगलीस ते वेळेवर विचारा. बोलणं पहिल्यांदा कळणार नाही. दुसऱ्यांदा विचारा.