खोलीच्या चाळीस विती

आमचं पहिलं गाणं रेकॉर्ड झालं तेव्हा खोली चार वितींनी लहान झाली. गाणं चार मिनिटांचं होतं. म्हणजे मिनिटाला एक वीत. गणित सरळ होतं, त्यामुळे आम्ही दोघी अजिबात घाबरलो नाही.

फक्त मागची भिंत पुढे आली होती. तिच्यावरचं कॅलेंडर, खिळा, खिळ्याला लटकवलेली पद्मीची ओढणी, सगळं जागच्या जागी होतं, फक्त जवळ.

ही खोली म्हणजे तासगावबाहेरचं बेदाण्यांचं जुनं कोल्ड स्टोअरेज. भिंती हातभर जाड, बाहेरचा ट्रॅक्टर आत ऐकू येत नाही. मुरारकाकांनी तिथे स्टुडिओ काढलाय. एरवी ते रिक्षावर लावायच्या जाहिराती रेकॉर्ड करतात. काचेच्या पलीकडे हेडफोन लावून बसतात आणि कुणाचा सूर घसरला की एक बेदाणा तोंडात टाकतात. ओरडत वगैरे नाहीत. पण त्यांचा हात वाटीकडे गेला की आम्ही सूर सावरायला धावतो.

"काका, भिंत सरकली," मी म्हटलं.

"सरकणारच की. गाण्याला जागा लागती," ते म्हणाले. "गेल्या इलेक्शनला एका साहेबाच्या भाषणानं माझी आख्खी पडवी खाल्ली."

"मग गाणं पुसलं तर?"

"पुसलं तर आवाज जातो. जागा येत न्हाई."

मी उत्कर्षा साळुंखे, दहावी ब. गिटार माझी. पद्मी मगदूम माझ्या बाकावरची. ती तिच्या आजोबांचं बुलबुलतरंग वाजवते. आजोबा लग्नाच्या बँडमध्ये होते. गातो दोघी. आमच्या जोडीचं नाव 'दोन वेण्या', कारण वर्गात आमच्या दोघींच्याच उरल्यात, बाकीच्यांनी कापल्या. गॅदरिंगला आम्ही पहिल्यांदा गायलो तेव्हा मी सगळं गाणं डोळे घट्ट मिटून म्हटलं. गाणं संपल्यावर नववीच्या पोरांनी बाक बडवले आणि त्या दिवसापासून मी कुणालाच घाबरत नाही. गणिताच्या सरांनासुद्धा नाही. भिंतीला काय घाबरायचं?

पद्मीच्या पप्पांची जळगावला बदली झाली होती. रविवारी सामानाचा टेम्पो येणार होता. आमच्याकडे शनिवार होता आणि आठ गाणी होती. आठ म्हणजे आठ. आम्ही वहीच्या मागच्या पानावर लिहून दोघींनी सह्या केल्या होत्या.

सकाळी मी खोली वितीने मोजली होती. भरली चाळीस. आठ गाणी मिळून अठ्ठावीस मिनिटं, म्हणजे भरपूर जागा उरत होती. सगळ्यात आधी काकांनी खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड केली, एक मिनिट. ती गाण्यांच्या खाली पसरायला लागते म्हणे. तिने एक वीत घेतली. मग तीन गाण्यांनी दहा. प्रत्येक गाणं एकदाच, चुकायचं नाही. काकांनी फक्त दोन बेदाणे खाल्ले.

तिसऱ्या गाण्यानंतर काका म्हणाले, "मी च्या घिऊन येतो. बंद करू का हे?"

"राहू दे चालू," मी म्हटलं, "लगेच पुढचं घेतो."

आणि आम्ही डबे उघडले.

ही चूक आमचीच. गाणं संपलं की आम्हाला बोलायला लागतं आणि बोलायला लागलं की भूक लागते. पद्मीच्या डब्यात ठेचा होता. ते लोक जैन, त्यांच्या ठेच्यात लसूण नसतो.

"ह्याला ठेचा म्हणत नाहीत," मी म्हटलं. "ही मिरचीची चटणी झाली."

"तुझ्या ठेच्यात मिरची कुठंय? नुसता लसूण. तोंड तिकडे कर बोलताना."

"लसणाशिवाय तिखटाला काय अर्थय गं?"

"मग खाते कशाला? ठेव खाली! उत्के, ठेव म्हणते ना!"

असं बराच वेळ चाललं. शेवटी कॅलेंडर माझ्या पाठीला लागलं तेव्हा मी वळून पाहिलं. पूर्ण बारा मिनिटं लसणात गेली होती.

काका चहा घेऊन आले. त्यांनी हेडफोन लावून सगळं ऐकलं आणि एकही बेदाणा खाल्ला नाही. "हे लय भारी झालंय," म्हणाले. मग आमची तोंडं बघून त्यांनी चहाचे कप पुढे केले.

पुढची चार गाणी आम्ही चहाचा कप खाली न ठेवता घेतल्यासारखी घेतली. मध्ये एक शब्द नाही. चौदा मिनिटं, चौदा विती. सातवं गाणं संपलं तेव्हा मी मोजलं. तीन विती उरल्या होत्या. खोली दाराएवढीच रुंद आणि आडवी, शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे असते तशी बोळ झाली होती. आठवं गाणं चार मिनिटांचं होतं.

"सात गाण्यांचा पण अल्बम होतो," काका म्हणाले.

"आठ," पद्मी म्हणाली.

"मग एकेकीनं म्हणा. बाहेर पडवीत घेतो. मागनं जोडतो मी."

"पडवी साहेबांनी खाल्ली ना काका," मी म्हटलं.

"आरं हो की."

आणि जोडूनही चाललं नसतं. आठव्या गाण्याचं शेवटचं कडवं आम्ही एक शब्द मी, एक शब्द ती असं म्हणतो. वाद्यं थांबतात आणि नुसते शब्द इकडून तिकडे जातात. पद्मी पुढचा शब्द कधी टाकणार हे मला तिच्या श्वासावरून कळतं. एकटीने म्हटलं तर ते अर्धं वाक्य होतं. सह्या आम्ही अर्ध्या वाक्यावर केल्या नव्हत्या.

"सरक," पद्मी म्हणाली. तिने चष्मा वर केला, जमिनीवर गुडघे टेकले आणि काचेपासून भिंतीपर्यंत स्वतःच्या हाताने मोजलं. पद्मीचा हात लहान आहे. गिटारच्या तारांवर तो पुरत नाही, बुलबुलतरंगच्या बटणांवर पुरतो.

"चार," ती म्हणाली. "माझ्या हाताने चार भरते."

"पर भिंतीनं सकाळपासनं हिचीच वीत धरलीया," काका म्हणाले.

"कारण माझी तिने बघितलीच नाही." पद्मीने पंजा पसरून भिंतीवर ठेवला. शाळेत हजेरीला हात वर करतो तेवढा वेळ ठेवला. भिंत गार होती.

"दार आत उघडतंय, पोरींनो," काका म्हणाले. "बरोबर तीन विती लागत्यात. गाणं सुरू झालं की मला उघडता यायचं न्हाई."

"आम्हाला मध्येच बाहेर यायचं नाहीये," मी म्हटलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग पद्मीकडे. मग बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

आम्ही काचेकडे तोंड करून शेजारी शेजारी उभ्या राहिलो. बुलबुलतरंग पद्मीने कमरेशी आडवं धरलं. माईक एकच, दोघींच्या मध्ये. काकांनी बोट वर केलं. दिवा लाल झाला.

पहिल्या मिनिटाला ओढणी माझ्या मानेला लागली. दुसऱ्या मिनिटाला भिंत वेणीला टेकली, आधी माझ्या, मग पद्मीच्या. आम्ही अर्धं पाऊल पुढे झालो आणि ताल सोडला नाही. किती गेली, माझी वीत की तिची, ते वळून बघायला जागा नव्हती. तिसऱ्या मिनिटाला गिटारची पाठ माझ्या पोटात आणि पुढची बाजू काचेवर होती. मी तारांमध्ये दोनच बोटं घालू शकत होते, म्हणून दोन बोटांनी वाजवलं. गिटारमधून टक् असा आवाज आला. बरोबर समेवर आला. काचेपलीकडे काकांच्या चिमटीत एक बेदाणा होता. तो त्यांनी तोंडात टाकला नाही, वाटीतही ठेवला नाही.

वाद्यं थांबली. चौथं मिनिट लागलं, शेवटचं कडवं आलं आणि माझ्या वितीच्या हिशोबाने संपलेली खोली अजून उरली होती.

मी माझा शब्द म्हटला. पद्मीने तिचा म्हटला. मी माझा. तिचा चष्मा काचेला लागून किणकिणला. तिचा. भिंत माझ्या खांद्यांवर होती, बाकावर कुणी मागून वाकून वही बघावी तशी. मी माझा शब्द पूर्ण म्हटला, शेवटच्या अक्षरापर्यंत.

पद्मीने श्वास घेतला. काचेवर वाफेचा एक गोल उमटला आणि वाढत गेला. पुढचा शब्द तिचा होता.