बाळाचा पट्टा डुकराला

मुलांनो, जरा कल्पना करा. डोंगरावर गवताची धावपट्टी आहे, तिच्या टोकाला नुसती दरी. पट्टीवर एक छोटं विमान उभं आहे. आत तुमच्या शेजारी आई बसली आहे आणि तिच्या बिलुमात, म्हणजे विणलेल्या झोळीत, तुमचा तान्हा भाऊ झोपला आहे.

डेल्माचा भाऊ नोक असाच झोपला होता. आईनं झोळी मांडीवर घेतली आणि स्वतःचा पट्टा झोळीवरूनच आवळला.

"असं नको, आई! विमान आदळलं तर तू पुढे झुकशील आणि नोक मध्ये चिरडला जाईल," डेल्मा म्हणाली. "त्याचा छोटा पट्टा तुझ्या पट्ट्यात ओवून त्याच्या कमरेला बांधायचा. गेरेगा दर खेपेला सांगतो ना?"

पायलट गेरेगानं मान खाजवली. "सांगतो गं. पण बाळाचा पट्टा एकच आहे, आणि तो आज रिकामा नाही."

मागच्या बाकावर काहीतरी केकाटलं. वामोकमामाच्या मांडीवर गोणीत डुकराचं पिल्लू होतं, आणि गोणीभोवती तोच छोटा पट्टा.

"डोळे काय वटारतेस?" मामा गुरगुरला. "सासुरवाडीला द्यायचं डुक्कर आहे, रताळं नव्हे! पाय मोडला तर तोंड कुठे दाखवू? बाळाला आई धरेल की."

"हात सुटतात, मामा."

"खिंडीत ढग उतरतायत," गेरेगा म्हणाला. "आत्ता निघालो नाही, तर आज जाणं नाही. बस खाली."

"मोठ्यांपुढे तोंड चालवू नकोस," आई कुजबुजली.

डेल्मानं आईचा पट्टा सोडला, झोळी उचलली आणि सरळ खाली गवतावर उतरली.

"जा तुम्ही! डुकराला सुखरूप न्या. नोक नाही यायचा."

आईही तिच्यामागे उतरली. आतली एक म्हातारी खो खो हसली. "गेरेगा, तुझंच भाषण पोरगी तुलाच ऐकवतेय!"

गेरेगाचे कान लाल झाले. "वामोक, सोड तो पट्टा. गोणी मागे सामानाच्या जाळीत बांधू."

"हात लावून तर दाखवा कुणी!" मामानं पिल्लू छातीशी कवटाळलं.

डेल्मानं झोळी आईच्या हातात दिली, पायरी चढली, मामाच्या समोर जाऊन उभी राहिली आणि त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पट्ट्याची कडी खटकन उघडली.