राणीच्या पोटावरचा पट्टा

मी एक जुना पोटपट्टा आहे. वयानं म्हणाल तर दीड वर्षाचाच. पण मित्रांनो, आटपाडीकडच्या एका घरात खुंटीला लटकून धूळ खाणाऱ्याला नवा कोण म्हणेल? माझा जन्म दूरच्या कारखान्यातला. चिवट रबरी कापड, बाजूला हुकांची रांग आणि रंग म्हणे अंगाचा. कुणाच्या अंगाचा, देव जाणे! या मुलखात तसल्या रंगाचं माणूस मी अजून पाहिलेलं नाही.

सांगलीच्या एका दवाखान्यातल्या कपाटात माझी वर्णी लागली. तिथं राणी आली. जुळी मुलं पाच वर्षांची झाली, तरी तिचं पोट ओघळलेलंच होतं. एसटीत बायका उठून जागा द्यायच्या आणि विचारायच्या, "कितवा लागला गं?" एकदा तिनं वैतागून "सातवा" म्हणून टाकलं आणि उतरल्यावर स्टँडवर रडत बसली. तिला एवढंच हवं होतं, की हे कुणी विचारू नये.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. नुसती चरबी ओढून काढता येते, पण ओघळलेली कातडी तशीच राहते. ती कापून पोट शिवावं लागेल. मग दीड महिना पट्टा. "आणि पोट काही महिने बधिर राहील. शेक अजिबात द्यायचा नाही. भाजलं तरी तुम्हाला कळणार नाही." राणीनं मान हलवली.

नवरा सिद्धू फौजेत. "तू हायस तशी बरी हायस," असं तो फोनवर म्हणत राहिला, शेवटी तयार झाला. सासूला मात्र दोघांनी हर्निया सांगितला. दिसण्यापायी पोट कापून घेतलं हे कोणत्या तोंडानं सांगायचं? लाज वाटली बिचारीला.

सासू रंगुबाई जिवाला जीव देणारी बाई. ऑपरेशन होऊन राणी घरी आली, तेव्हा तिच्या पोटावर मला बघून खूश झाली. "आमी बाळंतिणीला लुगडं बांधायचो, तसंच की हे! लय ब्येस हाय." खरं सांगतो मित्रांनो, मी फुगलो. कौतुक कुणाला नको असतं?

पण पोट बांधलं की शेक आलाच. त्या घरातली एकही बाळंतीण शेकाशिवाय उठलेली नाही. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी शेगडी बाजेजवळ आली, तापलेल्या वाळूची पुरचुंडी तयार झाली.

"आत्या, शेक नगं."

"का नगं? तुज्या सासऱ्याचा हर्निया काढला, तवा म्याच शेकलं. काय झालं का त्येंला? थांब, डाक्टरला फोन लाव. मीच इचारते."

फोन उशाशीच होता. राणीनं त्याच्याकडं पाहिलं आणि नजर वळवली.

"ऱ्हाऊ द्या आत्या. शेका."

पुरचुंडी माझ्यावर टेकली आणि मी पोळलो. माझं रबर मऊ पडलं. राणी शांत पडून होती. सासू विचारी, "बरं वाटतंय का?" ती म्हणे, "व्हय." ओरडावं असं फार वाटलं, पण पट्ट्याला कुठलं तोंड?

तीन दिवस हे चाललं. चौथ्या दिवशी वास आला म्हणून मला सोडलं, तर बेंबीखालची कातडी काळी पडलेली. पुन्हा दवाखाना. मेलेली कातडी काढली, मांडीची आणून लावली. सगळं तिथंच बाहेर आलं.

"आगं, तू वरडली का न्हाईस?"

"कळलंच न्हाई, आत्या."

"मला खरं सांगायचंस की गं. मी काय तुला हसले असते?"

राणीनं तोंडावर चादर ओढून घेतली.

आता राणी थोडी वाकून चालते. एसटीत बायका अजूनही जागा देतात आणि विचारतात, "काय झालं गं तुला?" सिद्धू सुट्टीवर येतो, अंगणातच बसून राहतो. शेगडी रंगुबाईनं उकिरड्यावर टाकली.

मित्रांनो, माझं एक ऐका. घरातल्या एकाला तरी खरं सांगत जा. आणि कुणी "नगं" म्हणालं, तर माया करणाऱ्यांनो, हात थोडा आवरा. मला बोलता आलं असतं तर त्याच दिवशी बोललो असतो.

रोज आंघोळीनंतर रंगुबाई सुनेच्या पोटाला खोबरेल लावते. बोटं फिरवत हळूच विचारते, "राणी, कळतंय का गं आता?"

"व्हय आत्या, कळतंय," राणी म्हणते.

मी समोरच्याच खुंटीवर असतो. सासूची बोटं कधीच थांबलेली असतात, तरी राणी "कळतंय, कळतंय" म्हणत असते.