कपिली बसंना

"सरकार आता गाई बसल्या का उभ्या, त्ये बी मोजाय लागलं व्हय?" विमलबाईनं हौदावरून साऱ्या छावणीला ऐकू जाईल असं विचारलं. "मग आमी दिवसातून कितींदा बसतो, त्ये बी लिव की गं पोरी!"

बाया फिदीफिदी हसल्या. वही घेऊन बसलेली फरीदाही हसली. परळीच्या मेकॅनिकची ही लेक, जनावरांच्या कॉलेजात शिकणारी. दुष्काळातल्या चारा छावणीत जनावरं कशी राहतात, याचा अभ्यास करायला आली होती. दर दहा मिनिटांनी वहीत खूण करायची: कोण उभी, कोण बसलेली, कोण रवंथ करतेय.

छबुबाई तेवढी हसली नाही. एक तर बोलणारी तिची धाकटी जाऊ. वाटणी झाल्यापासून दोघींत बोलणं नव्हतं. आणि तिची कपिली तीन दिवस खाली बसली नव्हती. गाभण, आठवा महिना भरत आलेला, मागचे पाय सुजून खांबासारखे झालेले. पुढ्यातलं उसाचं वाढं तसंच वाळून चाललं होतं.

"पोरी, तुझ्या वहीत हाय का काई? कावून बसंना ही?"

फरीदानं पानं उलटली. "मावशी, कालच्या साठ खुणा आहेत. त्यातल्या पन्नास वेळा हिचं तोंड टँकरकडं. टँकरच्या पल्याड सत्तावीस नंबरची बांडी गाय आहे ना, तीही नीट बसत नाही. तिचं तोंड इकडं."

सत्तावीस नंबर म्हणजे विमलची चांदी.

दोन्ही कालवडी एकाच दिवशी घरात आल्या होत्या, सहा वर्षं एका खुंट्याला बांधल्या गेल्या. वाटणीत गोठ्यामध्ये तुराट्यांचा कूड घातला, तर दोघी कुडाला पाठ लावून बसायच्या. इकडून कपिली, तिकडून चांदी. छावणीतही पहिल्या दिवशी शेजारचेच नंबर मिळाले होते. छबुबाईनंच अंगात आल्यासारखं करून आपला नंबर दुसऱ्या टोकाला नेला. जावेचं तोंड सकाळी सकाळी बघायला नको म्हणून.

"गाईंना संगतीण लागते, मावशी. तुटली की अशा उभ्या राहतात."

"मग तूच ने तिला तिकडं. तुझं ऐकत्याल."

"मला हात लावायची परवानगी नाही. मी नुसतं बघायचं."

"माजी सासू बी आसंच करायची," छबुबाई म्हणाली आणि उठून राधाकिशनकडं गेली. छावणी गावच्या दूध संस्थेची, हजेरी त्याच्याकडं.

"नंबर बदलून दी बाबा."

"एकदा बदलला की तुज्याच हट्टानं! आता न्हाई. नंबराच्या खुंट्यावर जनावर दिसलं न्हाई, तर त्या दिसाचा चारा बंद. लोक एकच गाय दोनदा दावत्यात, मला म्हाईत हाय."

छबुबाई परतली. कपिलीचे गुडघे थरथरत होते. ऐन दुपार. पत्र्यावर ऊन वाजत होतं, जमीन तव्यासारखी. पोटातलं वासरू एकदा हललेलं दिसलं, मग काहीच नाही.

छबुबाईनं दावं सोडलं. गाय टँकरला वळसा घालून तिला अशी ओढत निघाली, की सुजलेल्या पायांची नसावी.

"कुणाच्या दावणीला आलीस?" विमल पदर सावरत उभी राहिली. "मला बघून वकारी येती म्हनलीस ना?"

"आली मी न्हाई. गाय आली."

"गाईनं दावं सोडलं व्हय?"

तेवढ्यात चांदीनं मान लांबवून कपिलीची मान चाटायला सुरुवात केली. खरबरीत आवाज येत राहिला. कपिलीनं पुढचे गुडघे टेकले, एकदा थांबली, आणि मोठा श्वास सोडून अंग टाकलं.

"लिव पोरी, बसली म्हनून!" छबुबाई ओरडली.

फरीदानं पेन उचललं, परत खाली ठेवलं. "जागा बदलली, मावशी. नियमाप्रमाणं हिचं नाव आता अभ्यासातून काढावं लागेल."

"म्हंजी तुज्या वहीत ती उबीच?"

फरीदानं वही मिटली.

संध्याकाळी उन्हं तिरपी होऊन पत्र्याखाली शिरली, तेव्हा चाऱ्याची गाडी आली. राधाकिशननं सत्तावीस नंबरला एकच भारा टाकला आणि कपिलीकडं न बघता पुढं गेला. छबुबाई गाईच्या उन्हाच्या बाजूला बसून होती, आपली सावली तिच्यावर पडावी म्हणून. तिनं चारा मागितला नाही. मागायला तोंड कुठं होतं?

विमलनं भारा सोडला. दोन वाटे केले. एक चांदीपुढं टाकला, दुसरा कपिलीपुढं ढकलला.

"गाईला घातलंय," ती पाठ फिरवून म्हणाली. "तुला न्हाई."

"म्हाईत हाय."

"उद्या बी चारा मिळायचा न्हाई तिला."

"त्ये बी म्हाईत हाय."

"मग तितं कोरड्या उनात कावून बसलीस?" विमल म्हणाली. "हिकडं सरक. मला बी तुजी सावली पायजे."