पांढऱ्या अक्षरांतल्या जाती

अंबरनाथ पूर्वेला हिंदुराव 'जातमुक्त विवाह मंडळ' चालवायचा. बाहेर बोर्ड: 'इथे जात विचारली जात नाही.' खोटं नव्हतं. कुणी यायचंच नाही, विचारणार कुणाला?

म्हणून २००४ साली त्याने वेबसाइट काढली. बनवली उल्हासनगर कॅम्प पाचच्या विक्रांतने. मजकूर टाकायचं काम संध्याकडे. संध्या बौद्ध, राहायला चिखलोलीला. हिंदुराव तिला भाषणात उभं करायचा. "ही आमची संध्या. ऑफिसात हीच चहा करते, आणि मी पितो." टाळ्या पडायच्या.

वेबसाइटवर कुणी फिरकेना.

"काका, 'जातमुक्त' कोण सर्च करतं?" विक्रांत म्हणाला. "पब्लिक जात टाकून स्थळ शोधते. ते शब्द पानावर नाहीत, तर गूगल तुम्हाला दाखवेल कशाला?"

"मग टाक."

"दिसतील ना पण."

"न दिसता टाक."

पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं. माणसाला दिसत नाहीत, गूगलला दिसतात. हिंदुराव एकेक जात सांगत गेला, पोटजातींसकट, संध्या टाइप करत गेली. पहिली त्याची स्वतःची.

"काका, आमचं राहिलं."

"हां, टाक ना. शेवटी टाक."

महिन्याभरात फोन वाजायला लागले. पानावर काळ्या अक्षरांत 'जात विचारू नका', आणि फोनवर पहिलाच प्रश्न, "मुलगी आपल्यातलीच ना?" हिंदुराव म्हणायचा, "अर्थात." लग्नं धडाधड जमली. सगळी जातीतल्या जातीत. हिंदुरावला समाजसुधारणेचा पुरस्कारही मिळाला, शाल आणि नारळ.

मग गूगलने साइटी वर-खाली लावायचे नियम बदलले. मंडळ पहिल्या पानावरून गायब. फोन बंद.

"लपवलेलं पकडतोय आता, शाणा झालाय," विक्रांत म्हणाला. "पांढरं सगळं उडवा. नुसते शब्द कोंबून भागत नाही, खरा माल पाहिजे. 'आंतरजातीय विवाह' शोधणारे वाढलेत. तुम्ही जमवलेल्या जोडप्यांची माहिती टाका, फोटो टाका. एक जोडपं तरी द्या."

हिंदुरावला फार आठवावं लागलं नाही.

"तसं जमलं नाही रे एकही."

"एक आहे," संध्या म्हणाली. "मी आणि समर्थ."

समर्थ हिंदुरावचा मुलगा. एमआयडीसीत कामाला, बापाच्या भाषणाला माइक लावायचा. विक्रांत स्क्रीनकडे बघत बसला. स्क्रीनवर काही नव्हतं.

"समर्थला माहीत आहे हे?" हिंदुरावने विचारलं.

"त्यानेच सांगितलं, तू बोल, माझी टरकते. पुढच्या महिन्यात रजिस्टर लग्न आहे, काका. साक्षीदार तीन लागतात. दोन मिळालेत. तिसरे तुम्ही व्हाल का?"

हिंदुरावने चष्मा पुसला. परत पुसला. मग विक्रांतला म्हणाला, "ते वेबसाइटचं... टाक. पण न दिसता टाक."

"काका, काय बोललो मी आत्ता? पकडतो तो."

संध्याने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. दोघांची नावं टाइप केली, खाली फोटो लावला. रंग काळा. अक्षर सगळ्यांत मोठं.

लग्नाच्या दिवशी हिंदुरावचं बदलापूरला भाषण होतं. तिसरी सही विक्रांतने केली.

काही आठवड्यांनी मंडळ परत पहिल्या पानावर आलं. फोन आला, "ते फोटोतलं जोडपं खरं आहे का हो?"

"अर्थात," हिंदुराव म्हणाला. "माझीच सून आहे ती."

सून तेव्हा कॅम्प पाचला भाड्याच्या खोलीत राहत होती. सासऱ्याने तिला अजून घराची पायरी चढू दिली नव्हती.